जाकीट

चौथं पार्सल उघडलं तेव्हा दुकानात रबराचा वास सुटला,
चामड्याचा नव्हे.
मी नाक मुरडलं.
ईश्वरी म्हणाली, बाबा, हुंगायचं नसतं हे,
घालून बघायचं असतं.

आम्ही जीनगर.
अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे आणि इथं रिसाला होता
तेव्हापासून आमच्या घरात खोगिरं शिवली जायची.
मी शिवतो शाळेची दप्तरं, बँडवाल्यांचे पट्टे,
लग्नसराईत एखाद्या वरातीच्या घोडीचा लगाम.

दिवाळीनंतर जिलेबी बुजली.
जिलेबी म्हणजे वाजिद सरांची तांबूस घोडी.
कशाला बुजली, तर वाऱ्यानं उडत आलेल्या गुटख्याच्या पुडीला.
ईश्वरी पाठीवर पडली.
हाडं शाबूत,
पण बरगडीवर भाकरीएवढा निळा डाग,
आठ दिवस हसताना कूस धरायची.

वाजिद सर म्हणाले, टोपी आहे, आता जाकीट घ्या.
अन् मापात घ्या.
ढिलं जाकीट म्हणजे नुसतं गाठोडं.

घोडीचा घेर मी लांबून सांगतो.
लेकीच्या छातीला टेप लावायला हात धजेना.
सुलभाआत्या आली पदर खोचून
आणि आतल्या खोलीतून आकडे ओरडत राहिली,
छाती एकतीस! कंबर सव्वीस!
सगळ्या गल्लीला कळलं.
मी दाराबाहेर, लाईटबिलाच्या पाठीवर लिहून घेत.

पहिलं आलं ते पुण्याच्या कुणाचं तरी वापरलेलं, निम्म्या किमतीत.
वरून कोरं करकरीत.
मी सवयीनं दोन्ही अंगठ्यांनी दाबत गेलो,
कातडं तपासतात तसं, इंच इंच.
दाबलं की फुगून वर यायचं, दाबलं की वर यायचं.
डाव्या कुशीत एका जागी
अंगठा गेला, आणि खड्डा तसाच राहिला.

कुणीतरी पडलं होतं इथं.
त्याचं पडणं अजून आतच होतं.

परत पाठवलं.
दुसरं हलकं, निळं, ईश्वरीला फार आवडलेलं.
घरात घोडा कुठला,
मशीनच्या स्टुलावर जुनं खोगीर टाकून तिला बसवलं,
तर मागची कड खोगिराला टेकली
आणि गळा चढला थेट हनुवटीपर्यंत.
कासव दिसतंय, आत्या म्हणाली. तेही गेलं.
एक होतं दोरीचं, पडलं की हवा भरणारं.
ते मागवलंच नाही. किंमत ऐकून आत्याच म्हणाली,
एवढ्यात दुसरी घोडी येईल की माय.
तिसऱ्याची चेन अडकायची.

आजा सांगायचा,
घोड्याच्या पाठीला फोड आला तर त्या दिवशी जेवू नको.
कुठं गादी भरायची, कुठं पोकळ सोडायचं
कण्यावर ओझं येऊ नये म्हणून,
सगळं शिकवलं.
स्वाराच्या कण्याचं कुणी काही बोललं नाही.
स्वार पडायचा, धूळ झटकायचा,
किंवा नाही झटकायचा.
खोगीर तेवढं परत यायचं टाके घालायला,
आणि जायचं दुसऱ्याच्या खाली.

हे चौथं बसलं.
गळपट्टीच्या हाडाशी येऊन थांबलं,
शेवटच्या बरगडीखाली दोन बोटं उतरलं,
मागं खोगिरापासून चार बोटं वर.
वाक म्हणलं, वाकली.
हात वर कर, केला.
श्वास घे, म्हणलं.
घेतेय की, म्हणाली.
मोठा घे, म्हणलं.

थंडीत मात्र ते पुठ्ठ्यासारखं होतं.
अंगाची ऊब लागली की मग मऊ पडतं,
ज्याच्या अंगावर असेल त्याच्यासारखं होतं.
म्हणून पहाटे स्कूटरवर
मी ते स्वेटरच्या आत छातीशी धरून बसतो.
चालवते आत्या.
मुकुंदराजाच्या बाजूनं बोचरा वारा येतो, डोळ्यांत पाणी.

मैदानावर वाजिद सर तंग आवळत असतात.
घट्ट आवळा, मी ओरडतो.
कुणाचा, ईश्वरी विचारते, जिलेबीचा का माझा?
आणि माझ्या स्वेटरातून ओढून घेते,
घालते, पट्ट्या चिकटवते चर्र चर्र,
निघूनही जाते.

इतका वेळ कळलं नव्हतं
केवढी थंडी आहे ते.